औषधाविना विषाणूवर ताबा : प्रतिकारशक्तीचा एक अभ्यास

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील एक मोठे गाव आहे. तालुक्याच्या दक्षिणेस भीमा नदी असून तिच्या पलीकडे कर्नाटक राज्य लागते. ज्वारी, तूर आणि ऊस पिकविणाऱ्या या परिसरात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. महामार्गावरून रात्रंदिवस मालमोटारींची वाहतूक चालू असते आणि कामाच्या शोधात सोलापूर-पुण्याकडे जाणारी व सणासुदीला परतणारी माणसेही थोडीथोडकी नाहीत. अशा गावांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे एच.आय.व्ही.च्या संदर्भात एक कठीण प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो.

समजा, एका कुटुंबातील पती-पत्नी अशा दोघांनाही या विषाणूची बाधा असल्याचे चाचणीत आढळून आले. दोघांनीही औषध घेतले नाही. पतीची प्रकृती काही वर्षांतच ढासळली. पत्नी मात्र दहा-बारा वर्षे शेतात राबते आहे, तिला साधा तापही क्वचितच येतो. असे का व्हावे? गावात याची तीन उत्तरे दिली जातात. कोणी म्हणतो, ही देवाची कृपा. कोणी म्हणतो, तिने एका वैदूचे औषध घेतले होते, त्याचा हा गुण. तिसरा म्हणतो, दवाखान्यातील अहवालच चुकीचा होता. विज्ञानाचे उत्तर या तिन्हींहून निराळे आहे. काही थोड्या व्यक्तींची प्रतिकारशक्ती या विषाणूला दीर्घकाळ रोखून धरू शकते, ही गोष्ट आता निर्विवाद सिद्ध झाली आहे. ती कशी, हे समजून घेणे उद्‌बोधक तर आहेच; शिवाय या प्रश्नाचे कोणते उत्तर गाव स्वीकारते, यावर त्या बाईचे आणि तिच्यासारख्या अनेकांचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

विषाणूचा मार्ग

कोणताही विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला जिवंत पेशीचा आश्रय लागतो. एच.आय.व्ही. आश्रयासाठी जी पेशी निवडतो, ती शरीराच्या संरक्षण व्यवस्थेतीलच एक महत्त्वाची पेशी असते. तिला सीडी-४ पेशी असे म्हणतात. रक्तातील या पांढऱ्या पेशी स्वतः फारसे युद्ध करीत नाहीत. परंतु इतर संरक्षक पेशींना सूचना देणे, त्यांना कामास लावणे आणि त्यांचे बळ टिकविणे हे त्यांचे कार्य होय. पेशीत शिरल्यावर हा विषाणू आपल्या जनुकीय मजकुराची प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रांत जोडून टाकतो. यानंतर ती पेशी जिवंत असेपर्यंत विषाणूचा मजकूर तिच्यात कायम राहतो. संधी मिळताच त्यातून नवे विषाणू निर्माण होतात.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. औषधोपचार न घेतल्यास बहुसंख्य बाधित व्यक्तींमध्ये ही संख्या वर्षागणिक घटत जाते आणि सरासरी आठ ते दहा वर्षांत २०० च्या खाली येते. या अवस्थेत क्षयरोगासारखे संधिसाधू आजार शरीराचा ताबा घेतात. यालाच एड्स म्हणतात. एच.आय.व्ही.ची बाधा आणि एड्स या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावयास हवे.

अपवाद ठरणाऱ्या व्यक्ती

हा झाला सर्वसाधारण क्रम. परंतु साथीच्या पहिल्या दशकातच वैद्यकांच्या असे लक्षात आले की, काही व्यक्ती या क्रमास अपवाद ठरतात. उपचाराविना सात ते दहा वर्षे वा त्याहूनही अधिक काळ त्यांच्या सीडी-४ पेशींची संख्या ५०० च्या वर टिकून राहते. अशा व्यक्तींना दीर्घकाळ रोग न वाढणाऱ्या व्यक्ती असे संबोधले जाते.

पुढे रक्तातील विषाणूंची प्रत्यक्ष मोजणी करण्याचे तंत्र उपलब्ध झाले. या मोजणीस विषाणूभार म्हणतात. औषध न घेतलेल्या सामान्य रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या हजारो, प्रसंगी लाखो प्रती आढळतात. काही व्यक्तींच्या रक्तात मात्र त्या दोन हजारांहूनही कमी असतात; आणि त्यांतीलही अगदी मोजक्यांच्या रक्तात, कोणतेही औषध न घेता, पन्नासपेक्षा कमी म्हणजे नेहमीच्या यंत्राला न सापडण्याइतक्या असतात. या शेवटच्या गटाला श्रेष्ठ नियंत्रक असे म्हणता येईल. बाधित व्यक्तींच्या एकूण संख्येत त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अशा व्यक्तीची साधी रक्तचाचणी केली असता ती बाधितच दाखविते. कारण ही चाचणी विषाणू शोधीत नाही, तर विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रतिपिंड शोधते. म्हणजे पहिला अहवाल ‘बाधा आहे’ असा येतो आणि विषाणूभाराचा अहवाल ‘विषाणू आढळला नाही’ असा येतो. हे दोन्ही अहवाल आपापल्या परीने खरे असतात. त्यांतील एक खोटा ठरवून ‘बाधा नव्हतीच’ किंवा ‘आजार बरा झाला’ असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे आहे.

मारक पेशींचे कार्य

विषाणूला रोखून धरणारी शक्ती नेमकी कोणती, याचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने सीडी-८ या पांढऱ्या पेशींवर केंद्रित झाले. यांना मारक पेशी म्हणतात. विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखणे आणि तिच्यातून नवे विषाणू बाहेर पडण्यापूर्वीच तिचा नाश करणे, हे त्यांचे काम होय.

१९९९ साली माकडांवर झालेल्या प्रयोगांत याचा स्पष्ट पुरावा मिळाला. एच.आय.व्ही.शी नाते असलेल्या विषाणूची बाधा झालेल्या माकडांच्या शरीरातून सीडी-८ पेशी काढून टाकताच विषाणूंची संख्या झपाट्याने वाढली. त्या पेशी पुन्हा निर्माण झाल्यावर ती उतरली. विषाणूच्या लगामाचा एक भक्कम पेड या पेशींच्या हाती असतो, हे त्यावरून दिसून आले.

परंतु मारक पेशी तर सर्वच बाधित व्यक्तींत असतात. मग फरक कोठे पडतो? फरक संख्येत नसून गुणात आहे, असे पुढील संशोधनाने दाखविले. नियंत्रक व्यक्तींच्या मारक पेशी विषाणूचा अंश ओळखताच जोमाने आपली संख्या वाढवितात. ग्रस्त पेशीच्या आवरणास छिद्रे पाडणारे परफोरिन नावाचे प्रथिन त्या पुरेशा प्रमाणात तयार करतात आणि एकाच वेळी अनेक कामे पार पाडू शकतात. ज्यांचा रोग वाढत जातो, त्यांच्या मारक पेशी मात्र सततच्या झुंजीने थकून जातात. त्यांची संख्या पुष्कळ असली तरी हातून काम होत नाही. याखेरीज नियंत्रक व्यक्तींत विषाणूला ओळखणाऱ्या सीडी-४ पेशीही शाबूत राहतात, असे १९९७ साली दिसून आले. सूचना देणाऱ्या पेशी टिकल्या की मारक पेशींचेही बळ टिकते, असा हा परस्परसंबंध आहे.

वानगीवरून मालाची पारख

मारक पेशीला ग्रस्त पेशी ओळखता येते ती कशामुळे? बाजार समितीच्या आवारात धान्याची पोती येतात, तेव्हा प्रत्येक पोते रिकामे करून पाहिले जात नाही. पोत्यातील मूठभर माल वानगी म्हणून बाहेर काढला जातो आणि त्यावरून आत काय आहे याची पारख होते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी असेच करीत असते. आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती पृष्ठभागावर मांडून ठेवते. हे तुकडे ज्या रेणूंच्या खोबणीत धरले जातात, त्यांना एच.एल.ए. रेणू असे म्हणतात. मारक पेशी ही वानगी तपासते. तीत परका तुकडा आढळल्यास ती पेशी नष्ट करते.

हे रेणू माणसागणिक निराळे असतात. ते आई-वडिलांकडून वारशाने येतात आणि प्रत्येक प्रकारच्या खोबणीत ठराविक घडणीचेच तुकडे बसतात. यास्तव एकाच विषाणूची वानगी एकाच्या पेशी एका प्रकारे मांडतात, तर दुसऱ्याच्या पेशी दुसऱ्या प्रकारे. वर उल्लेखिलेल्या पती-पत्नींच्या उदाहरणातील एक महत्त्वाचे कारण येथे दडलेले असू शकते.

एच.एल.ए.-बी५७ आणि एच.एल.ए.-बी२७ हे प्रकार नियंत्रक व्यक्तींमध्ये इतरांपेक्षा बरेच अधिक आढळतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ९७४ नियंत्रक आणि रोग वाढत गेलेल्या २,६४८ व्यक्ती यांच्या जनुकीय मजकुराची तुलना करण्यात आली. जनुकांचा इतका विस्तीर्ण पट तपासूनही फरक ठळकपणे आढळला तो एच.एल.ए. रेणूंच्या जनुकांच्या परिसरातच. त्यातही तुकडा धरून ठेवणाऱ्या खोबणीच्या घडणीतील मोजके बदल निर्णायक ठरले. तथापि अनुकूल प्रकार लाभलेल्या अनेकांचा रोगही वाढतो आणि तो नसलेल्या काही व्यक्तीही विषाणूवर ताबा ठेवतात. वारशाचा वाटा मोठा आहे. परंतु सर्व काही वारशावर अवलंबून नाही.

विषाणूचे मर्मस्थान

एच.आय.व्ही. आपले रूप सतत पालटीत असतो. आपल्या मजकुराची प्रत काढताना तो वारंवार चुका करतो आणि त्यांतील एखादी चूक त्याला मारक पेशींच्या दृष्टीआड नेते. मग नियंत्रक व्यक्तींत तो असा निसटून का जात नाही?

याचे उत्तर घराच्या बांधणीवरून समजू शकेल. घराचे दार बदलता येते, भिंतीचा रंग बदलता येतो. परंतु आढे कापले तर छप्परच खाली येते. विषाणूच्या बाह्य आवरणावरील प्रथिन हे दारासारखे आहे. त्यात कितीही फेरफार झाले तरी विषाणू तगून राहतो. त्याच्या आतील कवच घडविणारे गॅग नावाचे प्रथिन मात्र आढ्यासारखे आहे. त्यातील काही जागा बदलल्या की विषाणू लुळा पडतो. बी५७ सारखे रेणू नेमक्या या जागांचे तुकडे मारक पेशींपुढे मांडतात. विषाणूने तेथे बदल करून सुटका करून घेतली, तरी त्याची वाढण्याची क्षमता कमी होते. पकडले जावे किंवा दुबळे व्हावे, असे दोनच मार्ग त्याच्यापुढे उरतात.

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात उपचार न घेतलेल्या ५७८ व्यक्तींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मारक पेशी गॅग प्रथिनाच्या अधिकाधिक भागांवर रोख धरून होत्या, त्यांच्या रक्तात विषाणू कमी आढळले. बाह्य आवरणावर रोख धरणाऱ्यांच्या बाबतीत उलट चित्र दिसले. भारताच्या दृष्टीने हा अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. कारण त्या प्रांतात पसरलेला विषाणूचा ‘सी’ हा उपप्रकारच भारतातही बहुतांशी आढळतो.

पुण्यातील संशोधन

महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ साली पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने स्थापन केलेली संस्था होय. प्रतिकारशक्तीशास्त्राचे अभ्यासक डॉ. रमेश परांजपे यांनी या संस्थेचे संचालकपद भूषविले आहे. येथील संशोधकांनी २००५ साली असे दाखवून दिले की, ‘सी’ उपप्रकाराची बाधा झालेल्या भारतीय रुग्णांच्या मारक पेशी गॅग आणि नेफ या प्रथिनांतील सहसा न बदलणाऱ्या भागांना ओळखतात. परदेशात आढळलेल्या तत्त्वाशी जुळणारी गोष्ट येथील रुग्णांतही दिसून आली, हे या कामाचे महत्त्व.

याच संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रतिपिंडांविषयी आहे. दीर्घकाळ रोग न वाढलेल्या भारतीय व्यक्तींचे प्रतिपिंड विषाणूला केवळ चिकटत नाहीत, तर ग्रस्त पेशीवर खूण करून नैसर्गिक मारक पेशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणखी एका संरक्षक दलाला तेथे बोलावून घेतात. या व्यक्तींमध्ये अशी खूण करण्याची क्षमता विषाणूच्या अनेक भागांविरुद्ध विस्तारलेली आढळली. आवरणावरील व्ही-३ हा भाग आणि टॅट या प्रथिनाचा एक भाग यांवर तिचा विशेष रोख होता. नियंत्रण हे एकाच हत्याराचे काम नसून पेशी व प्रतिपिंड यांच्या संयुक्त प्रयत्नांचे फळ असते, असे यावरून म्हणता येते.

या संशोधनामागे बाधित व्यक्तींचे सहकार्य उभे आहे. आजाराविषयी समाजात भीती व तिरस्कार असतानाही अशा व्यक्तींनी वर्षानुवर्षे तपासणीस येऊन स्वखुशीने रक्ताचे नमुने दिले. त्यांची नावे कोठेही प्रसिद्ध झालेली नाहीत आणि होताही कामा नयेत. परंतु प्रतिकारशक्तीविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्यात त्यांचा वाटा संशोधकांइतकाच मोलाचा आहे.

लपलेला विषाणू

श्रेष्ठ नियंत्रकांच्या शरीरात विषाणू शिल्लक असतो काय? बहुतेकांत असतो, फक्त तो निपचित पडलेला असतो. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा ६४ व्यक्तींच्या पेशी तपासल्या. विषाणूचा मजकूर त्यांच्या गुणसूत्रांत कोठे जोडला गेला आहे, हे त्यांनी पाहिले. इतर रुग्णांत तो गजबजलेल्या, सतत वाचल्या जाणाऱ्या जनुकांमध्ये आढळतो. या ६४ जणांत मात्र तो बऱ्याच अंशी ओसाड, सहसा न वाचल्या जाणाऱ्या भागांत आढळला. वर्दळीच्या जागी असलेल्या ग्रस्त पेशींचा मारक पेशींनी वेचून नाश केला असावा आणि केवळ माळरानावर पडलेले विषाणू उरले असावेत, असे अनुमान संशोधकांनी काढले आहे. त्यांतील एका महिलेच्या दीडशे कोटींहून अधिक पेशी तपासूनही अखंड विषाणू सापडला नाही. जगात अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

कधी कधी विषाणूच दुबळा असतो. ऑस्ट्रेलियात एका रक्तदात्याकडून आठ जणांना बाधा झाली होती. त्या विषाणूच्या नेफ जनुकाचा काही भागच गळालेला होता, असे १९९५ साली निदर्शनास आले. या व्यक्ती दीर्घकाळ निरोगी राहिल्या. तथापि पुढे त्यांतील काहींच्या सीडी-४ पेशीही घटू लागल्या. दुबळा विषाणूदेखील निरुपद्रवी नसतो, हा त्यातील धडा आहे.

ताब्याची किंमत

येथवरचे विवेचन वाचून एखाद्याचा असा समज होऊ शकेल की, ज्यांना निसर्गाने ही देणगी दिली त्यांना औषधाची गरज नाही. हा समज धोकादायक आहे. विषाणूला अहोरात्र दाबून ठेवण्यासाठी प्रतिकारशक्तीला सतत सज्ज राहावे लागते. त्यामुळे शरीरात मंद स्वरूपाचा दाह कायम राहतो आणि त्याचे परिणाम हृदय व रक्तवाहिन्यांवर होऊ शकतात. शिवाय हा ताबा कायमचा असेलच अशी हमी नाही. काही नियंत्रकांच्या बाबतीत वर्षानुवर्षांनंतर विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

सीडी-४ पेशी पुरेशा असतानाही उपचार सुरू करणे हितकारक आहे काय, हा प्रश्न २०१५ साली पूर्ण झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने निकालात काढला. ३५ देशांतील ४,६८५ व्यक्तींनी त्यात भाग घेतला होता. या सर्वांच्या सीडी-४ पेशी ५०० हून अधिक होत्या. ज्यांना तत्काळ औषधे देण्यात आली, त्यांच्यात गंभीर आजार वा मृत्यूचा धोका, उशिरा औषधे सुरू केलेल्यांच्या तुलनेत ५७ टक्क्यांनी कमी आढळला. यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने सर्व बाधितांना उपचार देण्याची शिफारस केली आणि भारतानेही २०१७ पासून ‘चाचणी करा व उपचार द्या’ हे धोरण स्वीकारले. आता उपचारासाठी सीडी-४ पेशी घटण्याची वाट पाहिली जात नाही.

उपचाराचा लाभ केवळ रुग्णापुरता नाही. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहभागी होती, त्यात नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचे निरीक्षण करण्यात आले. जोडीदारांपैकी एकाला बाधा असताना त्याला लवकर औषधे दिल्यास दुसऱ्यास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष २०११ साली जाहीर झाला. नियमित औषधांनी विषाणूभार न सापडण्याइतका खाली गेला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही, हे आता जगभर मान्य झाले आहे. निसर्ग जे शंभरांतील एकालाही देत नाही, ते रोजची एक गोळी बहुसंख्यांना देऊ शकते. प्रयोगशाळेत चाललेल्या अभ्यासाचा आणि खेड्यातील आरोग्यसेवेचा सांधा येथे जुळतो.

लशीच्या दिशेने

मग अशा थोड्या व्यक्तींच्या अभ्यासाचा उपयोग काय? तो मुख्यत्वे लशीच्या संशोधनात आहे. शरीर विषाणूला कसे रोखते याचा नकाशा हाती आला, तर तेच शिक्षण लशीद्वारे इतरांच्या पेशींनाही देता येईल, ही त्यामागील कल्पना. वाट मात्र खडतर आहे. मारक पेशी जागृत करण्याच्या हेतूने तयार केलेल्या एका लशीची चाचणी २००७ साली निष्फळ ठरून थांबवावी लागली. थायलंडमधील चाचणीत २००९ साली सुमारे ३१ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले, परंतु तेवढे पुरेसे नव्हते. भारतातही पुणे येथे २००५ साली लशीच्या पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. वापरण्याजोगी लस अद्याप कोठेही तयार झालेली नाही.

दुसरी दिशा लवकर उपचाराची आहे. फ्रान्समध्ये १४ व्यक्तींना बाधा झाल्यानंतर अल्पावधीतच औषधे सुरू करण्यात आली होती. काही वर्षांनी ती बंद झाल्यावरही त्यांच्यातील विषाणू दीर्घकाळ ताब्यात राहिला, असे २०१३ साली नोंदविण्यात आले. अर्थात, औषधे स्वतःहून बंद करण्यास हा आधार होऊ शकत नाही. औषध सोडणाऱ्या बहुतेकांच्या शरीरात विषाणू काही आठवड्यांतच उसळून येतो.

ग्रामीण कार्यकर्त्यांची जबाबदारी

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत होत्या. त्यांपैकी सुमारे ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. म्हणजे हा प्रश्न दूरच्या शहराचा नाही. तो कोणत्याही एका व्यवसायाचा वा जातीचाही नाही.

मंद्रूपसारख्या गावांतील रहिवाशांना शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत विनामूल्य तपासणी करून घेता येते. बाधा आढळल्यास सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयातील ए.आर.टी. केंद्रात उपचार मिळतात. देशात ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास प्रारंभ झाला. माहितीसाठी १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

या संदर्भात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.

पहिली गोष्ट, बाह्य प्रकृतीवरून निष्कर्ष काढू नये. धडधाकट दिसणारी बाधित व्यक्ती नैसर्गिक नियंत्रक असेलच असे नाही. बहुधा ती आजाराच्या मूक अवस्थेत असते. या अवस्थेत रोग आतून वाढत असतो. दोहोंतील भेद डोळ्यांना दिसत नाही, तो केवळ सीडी-४ आणि विषाणूभार यांच्या तपासणीतच कळतो. आणि तो कळला तरी उपचाराचा सल्ला बदलत नाही.

दुसरी गोष्ट, रामबाण औषधाच्या जाहिरातींना थारा देऊ नये. एखादी व्यक्ती औषधाविना दहा वर्षे बरी राहिली आणि त्या काळात तिने एखादा काढा घेतलेला असला, तर श्रेय काढ्याकडे जाते. वास्तविक ते तिच्या मारक पेशींचे असते. तोच काढा घेऊन दगावलेल्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ‘जे’मध्ये, ज्या रोगांवर बरे करण्याचा दावा औषधाबाबत करता येत नाही, त्यांत एड्सचा समावेश आहे. असा दावा गावात होत असल्यास तो संबंधित अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणून देणे हे लोकप्रतिनिधींचे कर्तव्य होय.

तिसरी गोष्ट, गुप्तता. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला आहे. या कायद्याने बाधित व्यक्तींशी नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा व निवास यांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली असून संमतीविना चाचणी करणे वा माहिती उघड करणे यांनाही प्रतिबंध केला आहे. शाळेत बाधित मुलाला वेगळे बसविणे किंवा ग्रामसभेत कोणाचे नाव घेणे हे केवळ असंस्कृतपणाचे नव्हे, तर बेकायदेशीर वर्तन आहे. गुप्ततेची खात्री नसेल तर माणसे तपासणीला येत नाहीत. तपासणी झाली नाही तर उपचार होत नाहीत आणि संसर्गाची साखळी अखंड राहते.

चौथी गोष्ट, गरोदरपणातील तपासणी. बाधित मातेने वेळेवर व नियमित औषधे घेतल्यास बालकाला होणारी बाधा बहुतांशी टाळता येते. मातेची प्रकृती उत्तम आहे म्हणून ही तपासणी वगळणे योग्य नव्हे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तिच्या पेशींची वानगी मांडण्याची रीत कदाचित अनुकूल असेल. तिच्या मारक पेशी विषाणूच्या आढ्यावरच घाव घालीत असतील. किंवा अद्याप तिची केवळ वेळ आली नसेल. यांपैकी खरे काय, हे चावडीवर ठरत नाही, रुग्णालयात ठरते. तिला ‘तू बरी आहेस, तुला कशाला हवे औषध’ असे सांगणारा शेजारी तिचे हित करीत नाही. महामार्गावरून सोलापूरला जाणाऱ्या एस.टी.त तिला बसवून देणारा, तिची गोष्ट चारचौघांत न बोलणारा आणि पुढील महिन्याच्या गोळ्यांची आठवण करून देणारा कार्यकर्ता तिच्या प्रतिकारशक्तीला खरी साथ देतो. शरीराने आपल्या बळावर चालविलेल्या लढाईला औषधाची आणि समाजाच्या सौजन्याची जोड मिळाली, तर ही लढाई दीर्घकाळ यशस्वीपणे लढता येते.